ओहोटीला विहीणबाई

बादली पुढे आली तेव्हा त्याला आधी नुसतं मनगट दिसलं. घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला वळवलेली, पट्टा घट्ट, आणि पट्ट्याच्या कडेने उन्हात रापलेल्या कातडीची रेघ. हे मनगट आपण कुठंतरी पाहिलंय असं त्याला वाटलं. "धरा की," मनगटाच्या मालकिणीचा आवाज आला. "अहो धरा, गळतेय ती." त्याने बादली धरली आणि मान वर केली. समोर विहीणबाई उभ्या होत्या. म्हणजे मागच्या हिवाळ्यापर्यंत ज्या विहीणबाई होत्या, त्या. गुडघ्यापर्यंत गमबूट, गळ्यात शिट्टी, केस टोपीत कोंबलेले. जन्मभर शाळेतल्या मुलींना कवायत शिकवलेली बाई, त्यामुळे नुसत्या उभ्या राहिल्या तरी सावधानमध्ये उभ्या असल्यासारख्या. किनाऱ्यावरच्या जुन्या बोटघरात बाकांवर बसलेली इतर हौशी माणसं त्या बादलीची वाट पाहत होती, कारण तिच्यात वेगवेगळ्या जातींचे खेकडे होते आणि ते हातोहात फिरवून सगळ्यांनी बघायचे होते. तो मात्र बादली छातीशी धरून बसला आणि गळणारं पाणी त्याच्या पॅन्टवर सांडत राहिलं. शिकवायला आलेली तरुण संशोधक मुलगी, जिला सगळे पहिल्या तासातच खेकडेताई म्हणू लागले होते, मोठ्या उत्साहाने जवळ आली. "तुमची ओळख आहे वाटतं एकमेकांची?" "हो," तो म्हणाला. "नाही," विहीणबाई म्हणाल्या. दोघं एकाच वेळी. खेकडेताई हसली. "म्हणजे निम्मी आहे. मग तुम्ही दोघं एका जोडीत," असं म्हणून ती पुढच्या बाकाकडे वळलीदेखील.

नको म्हणायला हवं होतं. घरी जाताना बसमध्ये ओली पॅन्ट मांडीला चिकटलेली असताना त्याला नको म्हणायच्या किती तरी सभ्य तऱ्हा सुचल्या. गुडघे दुखतात. दुकान बंद ठेवता येत नाही. समुद्राचा वारा बाधतो. पण हे सगळं घरी सांगूनच तर तो इथे आला नव्हता का? उलटं करून सांगितलं होतं, एवढंच. गुडघ्यांना चालणं बरं, शनिवारी-रविवारी सकाळी दुकानात कोण येतंय, समुद्राचा वारा चांगला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाची हनुवटी यंत्रावर टेकवायची, भिंग बदलायचं आणि विचारायचं, आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं? तीस-पस्तीस वर्षं तो लोकांना हा एकच प्रश्न विचारत आला होता. गल्ल्यावर बायको बसायची. एका गिऱ्हाइकाने दुकानाच्या काचेवर एक जाहिरात लावायला दिली. दुसऱ्या समुद्रातून आलेला हिरवा खेकडा आपल्या किनाऱ्यावर शिरतो आहे, तो शिंपले फस्त करतो, समुद्रगवत मुळासकट उपटतो, त्याच्यावर नजर ठेवायला माणसं हवी आहेत. त्याने ती काचेला चिकटवली, उलट्या बाजूने रोज वाचली, आणि एके दिवशी स्वतःच फोन केला. खरं कारण असं होतं की मुलगी नवऱ्यापासून वेगळी होऊन परत आपल्या जुन्या खोलीत राहायला आल्यापासून घरात चालताना त्याला पायाखाली काचा आहेत असं वाटायचं. कुणी रडत नव्हतं. कुणी काही बोलतही नव्हतं. बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात हळू आवाजात कुजबुजायच्या आणि तो आत गेला की भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या. "खेकडे मोजायला जातो," असं त्याने सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "बरोबर आहे, माणसं मोजून झाली असतील." पण तिने त्याच्यासाठी थर्मास काढून घासून ठेवला. आता तिला जाऊन सांगायचं, की तिथे कोण भेटलं माहितीये? त्याने थर्मास उलटा करून ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "बरी आहेत माणसं."

पहिल्या दोन-तीन खेपा त्यांनी कामापलीकडे शब्द काढला नाही. शनिवारी ओहोटीला खाडीच्या तोंडाशी जाळीचे सापळे लावायचे, आत डबीत माशाची मुंडकी, आणि रविवारच्या ओहोटीला ते उचलून आत आलेला प्रत्येक जीव बघायचा, मापायचा, परत सोडायचा. त्या मापत असत आणि ओरडून सांगत असत, तो लिहून घेत असे. "नर! पाठ रुंद, एक नांगी तुटकी! पुढचा! मादी!" मैदानावर कमावलेला आवाज. वाऱ्यातसुद्धा शब्दाची कड मोडत नसे. त्याची पंचाईत वेगळीच होती. हाक काय मारायची? पूर्वी विहीणबाई म्हणायचा. आता म्हणावं तर जखमेवर बोट ठेवल्यासारखं, आणि न म्हणावं तर मग त्या कोण? मुलगा आणि मुलगी वेगळी झाली की त्यांच्या आईबापांनी एकमेकांचं कोण लागायचं, याला भाषेत शब्दच नव्हता. काका, मामा, साडू, मेहुणा, चुलत, मावस, सगळ्यांची सोय करून ठेवलेली, आणि नेमकी हीच जागा रिकामी. त्यामुळे तो "जरा इकडे बघता का" किंवा "ऐकलं का" एवढ्यावर भागवायचा, आणि मग त्याला वाटायचं, अरे, हे तर आपण बायकोला म्हणतो. त्या तरी काय वेगळं करत होत्या? त्या शिट्टी फुंकायच्या. एक फुंक म्हणजे इकडे या, दोन म्हणजे पाणी चढतंय, निघा. साठीच्या घरातला माणूस, पण एक फुंक ऐकू आली की गमबूट उचलत तो चिखलातून धावायचा, आणि धावताना त्याला शाळेत असल्यासारखं हलकं वाटायचं. पहिल्यांदा वाटलं तेव्हा तो घाबरला. आपल्या घरात हे असं चाललेलं असताना हलकं वाटणं म्हणजे काय?

मग एकदा सापळ्याची गाठ सोडवत असताना, त्याच्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "जेवते ना नीट ती?" "जेवते," तो म्हणाला. "रात्री उशिरापर्यंत नकाशे काढत बसते. काम वाढवून घेतलंय." "दूध घेते झोपताना?" "दूध?" "आमच्याकडे घ्यायची. साय नको असायची तिला. मी गाळून द्यायची." त्याला हे माहीत नव्हतं. आपल्या मुलीला साय आवडत नाही हे त्याला खाडीच्या चिखलात उभं राहून, हातात माशाचं मुंडकं धरलेलं असताना कळलं. मग त्याची पाळी आली. "आणि तो?" एवढंच म्हणाला. जावई म्हणता येईना आणि नुसतं नावही घेववेना. "बराय," त्या म्हणाल्या. "दाढी वाढवलीय. दातांच्या डॉक्टरानं दाढी वाढवावी का, सांगा बरं? पेशंटच्या तोंडात केस पडायचे." तो हसला आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आपण या पोराला किती दिवसांत मनातसुद्धा आणलेलं नाही, आणलं की लगेच हाकलून दिलं आहे. रविवारी यायचा तो. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचं एक बाबा आदमच्या जमान्यातलं यंत्र होतं, ते दोघं उघडून बसायचे. स्क्रू काढायचे, तेल घालायचे, परत बसवायचे. ते यंत्र एकदाही चालू झालं नाही आणि दोघांनाही त्याची घाई नव्हती. तुम्ही डोळे बघा, मी दात बघतो, मधलं नाक कुणाकडे द्यायचं, असं काहीतरी तो म्हणायचा, आणि दर वेळी दोघं नव्याने हसायचे. मग एका संध्याकाळी मुलगी दोन बॅगा घेऊन आली. आमचं जमत नाही, म्हणाली, कुणाची काही चूक नाही. त्यानंतर मुलीसाठी हळहळायला सगळी दुनिया होती. पण जावई गेला म्हणून सासऱ्याला वाईट वाटायची सोय कुठेच नव्हती. तसं वाटणं म्हणजे मुलीशी फितुरी. म्हणून त्याने ते दुकानाच्या मागच्या खोलीत, यंत्रावर टाकलेल्या चादरीखाली ठेवून दिलं होतं. "तो रविवारी काय करतो हल्ली?" त्याने विचारलं. विहीणबाईंनी गाठ सोडवली. "काही नाही," त्या म्हणाल्या. "माझा मिक्सर उघडून बसतो. चांगला चालणारा मिक्सर होता."

त्यानंतर बोलण्याला पाय फुटले. खेकडा हातात घेऊन पोट वर करायचं, पोटाची झडप चिंचोळी असली तर नर, रुंद असली तर मादी, आणि तेवढ्यात पोरांचं काहीतरी. ती कशी, तो कसा. कुणाला कुणाबद्दल काय वाटलं होतं, कोण कुठे चुकलं, यात दोघंही शिरायचे नाहीत. नुसती खुशाली. जणू दोन शेजारी देशांचे राजदूत सीमेवर भेटून हवापाण्याबद्दल बोलत आहेत. घरी आल्यावर बायको विचारायची, "कोण असतं तुमच्या जोडीला?" आणि तो सांगायचा, "एक रिटायर्ड शिक्षिका आहेत." यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. तरी हे वाक्य बोलताना तो दर वेळी बूट काढायला खाली वाकायचा.

परका खेकडा सापडला तो दिवस लख्ख उन्हाचा होता. चौथ्या की पाचव्या सापळ्यात नेहमीच्या तपकिरी गर्दीत एक वेगळाच बसला होता, कोपऱ्यात, नांग्या उगारून, भाड्याच्या खोलीत घरमालक आल्यासारखा. "हिरवा आहे!" विहीणबाई ओरडल्या. "रंगावर जाऊ नका," तो म्हणाला. खेकडेताईने हे शंभरदा बजावलं होतं. आपल्याकडचेही काही हिरवट असतात, परकाही कधी तांबूस असतो. डोळ्यापासून कवचाच्या कडेने असलेले करवतीसारखे दात मोजायचे. दोन्ही बाजूंना पाच-पाच भरले तर तो परका. विहीणबाईंनी खेकडा पाठीमागून पकडला आणि हात लांब केला. मग आणखी लांब केला. मग मानही मागे घेतली. "तुम्हाला जवळचं दिसत नाही," तो म्हणाला. "दिसतं. हात आखूड पडतो थोडा." हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं, पण हातात जिवंत खेकडा धरून कुणी म्हटलं नव्हतं. त्याला हसू आवरेना. "द्या इकडे." "नको, तुम्ही सोडाल. मी धरते, तुम्ही मोजा." तो वाकला, नाक जवळजवळ नांगीत. एक, दोन, तीन, आणि खेकडा वळवळला. परत पहिल्यापासून. एक, दोन, आणि खेकड्याने विहीणबाईंची बाही धरली. "मोजा लवकर!" "हलवू नका!" "मी नाही हलत, हा हलतोय!" पाच. दुसरी बाजू, पाच. त्याने मान वर केली, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांनी शिट्टी तोंडात धरून अशी काही फुंकली की खाडीवरचे सगळे पक्षी एकदम उठले आणि लांबच्या दगडांवरून खेकडेताई धडपडत धावत आली. आधी तिचा चेहरा पडला, मग उजळला, मग परत पडला. वाईट बातमी होती, पण वेळेवर कळलेली. "तुम्हीच पहिले," ती म्हणाली. "या पूर्ण किनाऱ्यावर पहिले." खेकडा झाकणाच्या डब्यात बसला होता. त्याच्याकडे बघून त्याला क्षणभर कसंसंच झालं. हा बिचारा कुठल्या तरी जहाजाच्या टाकीतल्या पाण्यातून अंडं फुटून आलेला, त्याला कुणी विचारलं होतं का? पण खेकडेताई म्हणाली, हसा, आणि तिने फोटो काढला, आणि ते दोघं हसतच होते.

तो फोटो दुसऱ्या दिवशी खेकडेताईच्या संस्थेने सगळीकडे पाठवला. नाश्त्याच्या टेबलावर मुलीने फोन उचलला, बोटाने वर सरकवत राहिली, थांबली. "बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजाने बायको ओट्यापासून वळली. फोन टेबलावरून त्याच्यापर्यंत आला. चित्रात डावीकडे तो स्वतः, चिखलाने बरबटलेला, तोंड उघडं. उजवीकडे विहीणबाई, एका हातात डबा, टोपी वाकडी. त्याला वाटलं आता काचा फुटणार. त्याने टोस्ट खाली ठेवला. मुलगी फोटोकडे बघत होती, ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या थरथरत होत्या, आणि मग तिच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. "मम्मींच्या पायात गमबूट!" ती म्हणाली आणि हसायला लागली. "मम्मी! चपलेला पाणी लागलं तरी पुसून ठेवायच्या त्या!" ती इतकी हसली की तिला ठसका लागला, ती पाणी प्यायली आणि परत फोटो बघून हसली. घरात हा आवाज किती दिवसांनी आला. तो भीत भीत हसायला सुरुवात करणार, तेवढ्यात बायकोने फोन हातात घेतला. तिने फोटो बोटांनी मोठा केला. विहीणबाईंना नाही, त्याला. त्याचा चेहरा मोठा करून बघत राहिली. "रिटायर्ड शिक्षिका," ती म्हणाली. "आहेत त्या शिक्षिका," तो पुटपुटला. "मी कुठं नाही म्हणतेय?" फोन तिने मुलीला परत दिला, गॅस बंद केला, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. मग पाठ तशीच ठेवून म्हणाली, "माझ्यासमोर तुम्ही असे हसलाच नाहीत. पोर आल्यापासून एकदाही नाही. मला वाटलं, हसायचं नाही असं ठरलंय आपलं. म्हणून मीही नाही हसले." त्याला उठून तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तो उठलासुद्धा. पण ती वळली आणि तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं, दुकानात उधारीवरच्या गिऱ्हाइकाकडे बघताना असायचं ते. "रविवारी मी पण येते," ती म्हणाली. "बघू तरी तुमचे खेकडे."

रविवारपर्यंतचे दिवस त्याने दाढदुखी अंगावर काढावी तसे काढले. विहीणबाईंना आधी कळवावं का? कळवून काय कळवणार? शनिवारी सापळे लावतानाही ते त्याच्या ओठांवर येऊन परत गेलं. बसमध्ये बायको खिडकीशी बसली, पर्स मांडीवर, एखाद्याला भेटायला दवाखान्यात जावं तशी. किनाऱ्यावर पाणी पार मागे गेलेलं होतं. विहीणबाई सापळ्यांपाशी उभ्या होत्या. त्यांनी लांबूनच दोन माणसं पाहिली, दुसरं कोण ते ओळखलं, आणि त्यांचा हात शिट्टीकडे गेला आणि तसाच खाली आला. "कशा आहात, विहीणबाई?" बायको म्हणाली. तिला शब्द शोधावा लागला नाही. जुना होता तोच तिने वापरला, फक्त तो थंड पाण्यातून काढल्यासारखा होता. "बरी," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही?" "आम्ही काय." "मी तो शेवटचा सापळा आणतो," तो म्हणाला आणि पाण्यात शिरला. पळालाच, खरं तर. शेवटचा सापळा सर्वांत खोल होता. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, गार, आरपार दिसणारं. तो वाकला आणि दोरीला हात घातला, तेव्हा मागून वाऱ्यावर पहिलं वाक्य आलं.

"तुमच्या मुलानं मला एक फोन करायचा होता."

"केला होता. तुम्ही उचलला नाहीत."

"नाही उचलला म्हणजे परत करायचाच नाही? आई म्हणायचा ना मला?"

"आणि तुमच्या लेकीनं? माझ्या घरातून बॅग घेऊन निघाली, मला सांगून निघाली? मी बाहेरून आले तर कपाट रिकामं!"

"काय तोंडानं सांगणार होती? रोज त्याच्यासाठी जेवायची थांबायची ती. आला की बोलायचा एक शब्द? दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात आणि घरी आल्यावर स्वतःचं तोंड बंद!"

"दातांचा डॉक्टर आहे तो! कुठं हात घालणार?"

त्याने सापळा अर्धा उचलला आणि तसाच धरून उभा राहिला. जाळीतून पाणी गळत होतं, आत पाचसहा खेकडे एकमेकांच्या अंगावरून चालत होते, सगळे आपल्याच किनाऱ्याचे. मागे वळून बघायची त्याची छाती होईना. पण आवाज चढत होते, आणि काय आश्चर्य, ते जसजसे चढत होते तसतसं त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरत होतं. हा आवाज त्या हिवाळ्यात व्हायला हवा होता. तेव्हा सगळे किती शहाण्यासारखे वागले होते. दोन्ही घरांनी चहा दिला, चहा घेतला, समंजसपणे माना हलवल्या आणि दारं हळू लावली. तेव्हापासून ते न झालेलं भांडण दोन्ही घरांत पाहुण्यासारखं राहत होतं, आणि त्याला जा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. आता दोन बायका मोकळ्या आभाळाखाली हातवारे करकरून त्याला घालवत होत्या, आणि ऐकायला खेकड्यांखेरीज कुणी नव्हतं.

"आणि माझं काचेचं मोठं भांडं अजून तुमच्याकडेच आहे!"

"घेऊन जा! आजच घेऊन जा! मला काय करायचंय?"

"आणि मी विणून दिलेला स्वेटर? तो दिला असेल कुणाला तरी!"

मग एकदम शांतता पसरली. इतकी, की त्याने शेवटी मान वळवली. विहीणबाई आपल्या जाकिटाची चेन ओढत होत्या. अडकली. त्यांनी ती जोर लावून खाली ओढली आणि जाकीट दोन्ही हातांनी उघडून उभ्या राहिल्या. आत तो स्वेटर होता, निळा, गळ्याला पांढरी पट्टी. बायकोने तो सबंध उन्हाळा गल्ल्यावर बसून विणला होता, गिऱ्हाईक आलं की सुया काउंटरखाली लपवून. "घालते मी," विहीणबाई म्हणाल्या. "गार असतं इथं." बायको दोन पावलं पुढे गेली. तिने त्यांची बाही चिमटीत धरली, उलटी केली, उन्हात नीट बघितली. "ही उसवली कशानं?" "खेकड्यानं धरली. तो नाही का, फोटोतला." "हं. काढून द्या घरी जाताना. दोन टाके घालते." तिने बाही सोडली, मग परत धरली आणि ताणून बघितली. "आणि धुतलात कशात हा? गरम पाण्यात? आटलाय सगळा! लोकर गरम पाण्यात घालतं का कुणी?" "मशीनला लावला होता," विहीणबाई म्हणाल्या. "मशीनला!" बायको म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा वर चढला, पण आता त्याची धार गेली होती, नुसती गती उरली होती. पुढे तिने लोकर कशी धुवायची ते सांगायला सुरुवात केली, विहीणबाई मध्येच आपली बाजू मांडू लागल्या, आणि दोघी एकाच वेळी बोलत राहिल्या.

पाणी आता गुडघ्यापर्यंत आलं होतं. भरती लागली होती हे त्याला कळत होतं. सापळा जड होत होता. बुटाच्या काठावरून एक लहानशी लाट आत आली, पोटरीवरून घोट्यापर्यंत गार ओघळ गेला आणि तळव्याखाली साचला. त्याने पायाची बोटं हलवून पाहिली. आत पचपच आवाज झाला. किनाऱ्यावर दोघी एकदम थांबल्या, दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं, आणि शिट्टीच्या दोन फुंका आणि बायकोची हाक एकदमच त्याच्या अंगावर आली.

"अहो! काय उभे राहिलात तिथं? पाणी चढतंय!"

"आलो, आलो," तो ओरडला, आणि दोघी परत एकमेकींकडे वळून बोलायला लागेपर्यंत जागचा हलला नाही.